टॉवर वाढले, मग भाव का उतरत नाहीत?

प्रश्न : आमच्या मुलुंड पूर्वेला तीन-चार मजली सोसायट्या पाडून गल्लोगल्ली टॉवर उभे राहताहेत. एवढी घरं झाल्यावर भाव उतरायला नकोत का? माझ्या मुलाला तर इथे वन बीएचकेसुद्धा परवडत नाही. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : टॉवर जेवढा उंच दिसतो तेवढी घरं वाढलेली नसतात. जुन्या सभासदांना त्यातच घरं मिळतात, पूर्वीपेक्षा मोठी आणि पैसे न भरता. वर ताबा मिळेपर्यंतचं भाडं आणि कॉर्पसची रक्कम. हा सगळा खर्च विक्रीच्या फ्लॅटांवर पडतो. तुमचा मुलगा घर घेईल तेव्हा एखाद्या जुन्या सभासदाच्या घराचा भारही उचलेल. ‘कार्पेट किती टक्के वाढवून देणार?’ असं आपण सोसायटीच्या सभेत बिल्डरला विचारतो, तेव्हा जमिनीचा भाव आपणच वाढवत असतो. खापर एकट्या बिल्डरवर फोडू नये ते यासाठी.

पण मोठं कारण सरकारी तिजोरीत आहे. १९९१च्या नियमावलीत मुंबईच्या उपनगरांचा मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधायचं ती मर्यादा, साधारण १ होता. २०१८च्या नियमावलीतही तो १च राहिला. रुंद रस्ता असेल तर अडीचपर्यंत जाता येतं, शिवाय फंजिबलचं जादा क्षेत्र वेगळं. मात्र मधलं बरंचसं क्षेत्र विकत घ्यावं लागतं, सरकारला प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क, घेऊन. पाणी आणि मलनिस्सारणावर ताण येतो म्हणून मर्यादा ठेवली असेल, तर पैसे भरल्याने तो ताण हलका कसा होतो? मर्यादा खाली ठेवली की वरचं विकता येतं, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, तुमच्या मुलुंडच्या नाक्यावरची जकात संपली आणि मुंबई पालिकेचं सर्वांत मोठं हक्काचं उत्पन्न गेलं. राज्य सरकार भरपाई देतं, पण स्वतःची मिळकत म्हणून बांधकामाच्या शुल्कांचं महत्त्व वाढलं. जानेवारी २०२१मध्ये राज्याने प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले. अट अशी की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. मुदतीआधी पैसे भरायला झुंबड उडाली. विकास नियोजन खात्याकडून सुमारे २ हजार कोटी येतील असा पालिकेचा अंदाज होता. सुधारित अंदाज १४ हजार कोटींच्या पुढे गेला. अशी वर्षभराची सवलत पुढची कामं अलीकडे ओढते. भाव उतरायचे तर प्रीमियमचे दर कायमचे कमी हवेत, आणि तेवढं उत्पन्न सोडायला कोण तयार होईल?

त्यासाठी दबाव आणणारा मतदारही इथे नाही. जे इथे घर घेऊ शकले नाहीत ते बदलापूरला, विरारला गेले आणि मतही तिकडेच देतात. इथले मतदार आहोत आपण, ज्यांच्या घराची किंमत वाढते आहे.

तुमच्या मुलासाठी बाजाराबाहेरची वाट म्हणजे म्हाडाची सोडत. तिच्यासाठी घरं मिळण्याची मोठी संधी घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर अशा म्हाडाच्याच वसाहतींच्या पुनर्विकासात होती. वाढीव एफएसआयच्या बदल्यात म्हाडाला घरंच द्यायची, असं धोरण काही वर्षं होतं. पुढे घरांऐवजी प्रीमियम भरण्याची मुभा पुन्हा दिली गेली. ती काढून घ्या, असं आपण आपल्या आमदारांना लेखी कळवावं. मुलुंडकरांनीही कळवावं, कारण सोडतीतलं घर पंतनगरात असलं तरी अर्ज तुमचा मुलगाही करू शकतो.