अ‍ॅक्सलरेटरला अर्ज करताय? आधी खिशाचा आणि शेअरचा हिशेब करा

अर्ज करण्यासाठीच पैसे मागणारा कार्यक्रम यादीतून लगेच काढून टाका. चांगले इन्क्युबेटर आणि अ‍ॅक्सलरेटर अर्जावर कमाई करत नाहीत. अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटर या अ‍ॅक्सलरेटरच्या अर्जाला शुल्क नाही. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत तर इन्क्युबेटरने अर्जदाराकडून कोणतेही शुल्क घ्यायचे नाही, असा नियमच आहे. ‘प्रोसेसिंग फी’, ‘स्क्रीनिंग फी’ असे शब्द कानावर आले की फोन ठेवा.

कुठे जायचे, हे तुमच्या हातात आज काय आहे त्यावर ठरवा. एखादे यंत्र किंवा उपकरण डोक्यात आहे, कंपनी अजून काढलेली नाही? पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये निधी-प्रयास योजनेची चौकशी करा. प्रत्यक्ष वस्तूचा नमुना बनवण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. नुसते अ‍ॅप असेल तर इथे वेळ घालवू नका. औषध, निदान किंवा जैवतंत्रज्ञानातले काम असेल तर केंद्राच्या बायरॅक या संस्थेचे ‘बिग’ अनुदान पाहा: ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. त्याचे अर्ज साधारणपणे जानेवारी आणि जुलैत निघतात. शहरातले आणखी दोन पर्याय: शिवाजीनगरला सीओईपीचे भाऊ इन्स्टिट्यूट आहे, गणेशखिंडीत विद्यापीठाचे रिसर्च पार्क आहे. दोन्हीकडे एकच प्रश्न आधी विचारा: जागेचे भाडे किती, आणि शेअर मागता का?

सीड फंड योजनेत नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे, अशी तरतूद आहे. कंपनी अर्जाच्या दिवशी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, भारतीय प्रवर्तकांचा वाटा किमान ५१ टक्के हवा, दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांहून अधिक मदत घेतलेली नको. एका वेळी तीन इन्क्युबेटर निवडता येतात. नवे अर्ज घेणे सुरू आहे का, हे पोर्टलवर आधी पाहा.

आता कागदपत्रे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची (डीपीआयआयटी) स्टार्टअप मान्यता मोफत आहे. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी चालते. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय चालत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र, पॅन, संचालकांचा तपशील आणि तुमच्या कामात नवे काय ते सांगणारे टिपण, एवढ्यावर काम होते. उद्यम नोंदणी मोफत, जीएसटी नोंदणीही मोफत. सरकारी वाटणारी नावे घेऊन याच कामांचे हजारो रुपये घेणारी खासगी संकेतस्थळे आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते तपासूनच आधार क्रमांक टाका.

पेठेतल्या घराचा पत्ता कंपनीला द्यायचा असेल तर दोन महिन्यांच्या आतले वीजबिल आणि मालकाचे ना हरकत पत्र लागते. जुन्या वाड्यात बिल आजोबांच्या नावावर आणि मालक तीन भाऊ, असे पुष्कळदा असते. हे आधी मार्गी लावा, नाहीतर नोंदणी तिथेच अडकते. भाड्याची जागा असेल तर लिव्ह अँड लायसन्स कराराला एकूण भाड्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क पडते, एजंटचे वेगळे.

कंपनीचे नाव राखून ठेवायला १,००० रुपये. अधिकृत भागभांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर स्थापनेला केंद्राचे नोंदणी शुल्क नाही, पण राज्याचे मुद्रांक शुल्क, डिजिटल स्वाक्षऱ्या आणि सीएची फी आहेच. खरा खर्च नंतर सुरू होतो. लेखापरीक्षक पहिल्या ३० दिवसांत नेमायचा, आणि वार्षिक विवरणपत्रे चुकली की प्रत्येक अर्जामागे रोज १०० रुपये दंड. धंदा शून्य असला तरी हे चुकत नाही. ट्रेडमार्क अर्जाला स्टार्टअपसाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, पेटंटच्या ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये.

सगळ्यात महाग वस्तू म्हणजे तुमचे शेअर, आणि नवे संस्थापक नेमके तेच सढळ हाताने देतात. समजा, एक अ‍ॅक्सलरेटर १० लाख देतो, ७ टक्के मागतो. म्हणजे कंपनीची किंमत सुमारे १.४३ कोटी धरली. मग करारात मागच्या पानावर ३ लाख ‘कार्यक्रम शुल्क’ निघते, त्यावर १८ टक्के जीएसटी. हातात उरले ६.४६ लाख, किंमत उतरली ९२ लाखांवर. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो करही परत मिळत नाही. वाय कॉम्बिनेटर ७ टक्क्यांना सव्वा लाख डॉलर देते आणि पावणेचार लाख डॉलर पुढच्या गुंतवणूक फेरीच्या अटींवर, म्हणजे तेव्हा आणखी शेअर जातात. शिवाय ती भारतीय कंपनीत थेट पैसे घालत नाही. परदेशात मूळ कंपनी करावी लागते. त्याचा वकील, परकीय चलन कायद्याची (फेमा) पूर्तता आणि दोन देशांतले वार्षिक हिशेब खर्चात धरा.

शेअर देताना नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि कंपनी सेक्रेटरीची फी कोण भरणार, हे लेखी घ्या. खासगी वाटपात पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि त्यानंतर १५ दिवसांत विवरणपत्र भरायचे असते. ‘पुढच्या प्रत्येक फेरीत आमची टक्केवारी कायम’ असे कलम दिसले तर सही करू नका, वकिलाला दाखवा. तो खर्च वाचवू नका.

ओळखींसाठी दलाल नको. ‘गुंतवणूकदाराशी भेट घालून देतो, आधी ५० हजार द्या’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. टिळक रोडला मराठा चेंबर (एमसीसीआयए) आहे, शहरात टाय पुणे आणि देआसरा फाउंडेशन आहेत. सभासदत्व घेण्याआधी बाहेरच्यांना खुला असलेला एखादा कार्यक्रम गाठा. तुमच्या क्षेत्रातले ग्राहक तिथे येत असतील तरच वर्गणी भरा. अ‍ॅक्सलरेटरची पारख करायची असेल तर त्यांच्या मागच्या तुकडीतल्या दोन संस्थापकांना, शक्यतो ज्यांचा धंदा चालला नाही त्यांना, फोन करा. मार्गदर्शक प्रत्यक्षात किती वेळा भेटले आणि पहिला ग्राहक कुणी मिळवून दिला, एवढेच विचारा.

पहिला ग्राहक म्हणून सरकारही चालते. राज्य नावीन्यता सोसायटीच्या महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी कामाचे कार्यादेश मिळतात आणि शेअर द्यावे लागत नाहीत. पेटंटच्या खर्चाची काही भरपाईही याच सोसायटीकडे मागता येते, देशांतर्गत २ लाखांपर्यंत. पावत्या कंपनीच्याच नावावर घ्या. कार्यादेश मिळाला तरी बिल निघेपर्यंतचे पगार तुम्हालाच भागवायचे आहेत, तेवढी रक्कम अर्जाच्या दिवशीच वेगळी काढा.