मराठीचे संगणन आणि विद्यापीठांचे सहकार्य : धार-देवासच्या दृष्टीने

माळव्यातील महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्याला एक अडचण वर्षानुवर्षे येते. ‘संशोधन’ हा शब्द फळ्यावर लिहिला की अर्ध्या वर्गाला त्याचा अर्थ ‘दुरुस्ती’ असा कळतो. कारण हिंदीत संविधानाचे ‘संशोधन’ होते आणि विद्यापीठात ‘शोध’ होतो. मराठीत हरवलेल्या वस्तूचा शोध घेतात आणि विद्यापीठात संशोधन करतात. ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते. मराठीत ती शाळेत मिळाली तर पालक तक्रार घेऊन येतात. वर्गात ही अडचण दोन मिनिटांत सुटते. यंत्राला मात्र ती कुणीतरी सांगावी लागते. लिपी एक, शब्द एक आणि अर्थ दोन, अशा ठिकाणी कुणी सांगितले नाही तर ज्या भाषेचा मजकूर जास्त असेल तिचाच अर्थ यंत्र उचलते.

हे सांगण्याचे काम संगणकशास्त्राचा विभाग एकट्याने करू शकत नाही आणि मराठीचा विभागही एकट्याने करू शकत नाही. प्रस्तुत लेखात अशा सहकार्याचा आजवरचा प्रवास थोडक्यात पाहू आणि धार व देवास येथील मराठी वाचक-अध्यापकांचे त्यात कोणते काम आहे, याचा विचार करू.

सहकार्याची पूर्वपीठिका

आपल्या देशात संगणकशास्त्राची वाढ सुरुवातीपासून संस्थांच्या एकत्र येण्यातून झाली. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. त्यात आठ संस्था होत्या : मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग. आपल्याकडे इंटरनेट प्रथम आले ते ह्या जाळ्यातून, बाजारातून नव्हे. पुढे २००३ पासून आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ हा अध्यापनाचा संयुक्त उपक्रम चालवला. त्यामुळे ज्या महाविद्यालयात विषयाचा तज्ज्ञ नाही, तेथील विद्यार्थ्यालाही तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकता येऊ लागले.

ह्या दोन्ही उदाहरणांत देवाणघेवाण मोठ्या संस्थांच्या आपापसांत होती, किंवा मोठ्याकडून लहानाकडे जाणारी होती. भाषेचे काम सुरू झाले तेव्हा ह्या रचनेत फरक पडला. भाषेच्या बाबतीत लहान गावाकडेही देण्यासारखे काही असते.

शब्दजालाचा धडा

‘वर्डनेट’ म्हणजे शब्दजाल. १९८५ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्रजीचे शब्दजाल सुरू झाले. कोशात शब्द अकारविल्हे येतात. शब्दजालात ते अर्थानुसार बसतात. एका संकल्पनेचे सर्व समानार्थी शब्द एका गटात ठेवायचे, गटाला क्रमांक द्यायचा, व्याख्या व उदाहरण लिहायचे आणि मग हा गट कोणत्या व्यापक संकल्पनेत मोडतो, कशाचा भाग आहे, हे नाते जोडायचे.

मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी शब्दजाल उभारले. मराठी शब्दजाल त्याच्याच आधाराने झाले. त्यानंतर इतर भाषांची जाले तयार झाली आणि १८ भारतीय भाषांचे ‘इंडोवर्डनेट’ आकाराला आले. कोकणीचे काम गोवा विद्यापीठाने केले, असमिया व बोडोचे गुवाहाटी विद्यापीठाने, मणिपुरीचे मणिपूर विद्यापीठाने, काश्मिरीचे काश्मीर विद्यापीठाने आणि तमिळचे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. संकल्पनेचा क्रमांक सर्वांना सामाईक, शब्द ज्याचे त्याचे. एका संस्थेला हे काम करणे शक्यच नव्हते, कारण अठरा भाषांचे जाणकार एका छताखाली मिळत नाहीत.

ह्या पद्धतीत एक धोकाही आहे आणि विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा. हिंदी गट समोर ठेवून मराठी शब्द भरत गेले, तर हिंदीच्या संकल्पनांचा साचा मराठीवर बसतो. हिंदीत ‘दादा’ आणि ‘नाना’ ह्या दोन संकल्पना आहेत. मराठीत दोघेही आजोबाच, आणि ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. उलट ‘माहेरवाशीण’ किंवा लग्नातला ‘उखाणा’ यांसाठी हिंदीत एका शब्दाचे घर सापडत नाही. अशा ठिकाणी नवा गट करायचा, की असलेल्या गटात शब्द कसाबसा बसवायचा, याचा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याने घ्यायचा नसतो. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्याने तो घ्यायचा असतो. धार-देवासचा मराठी माणूस घरात मराठी, दारात माळवी आणि कचेरीत हिंदी बोलतो. पुण्याच्या अभ्यासकाला जो फरक कोशात पाहावा लागतो, तो त्याला जिभेवरच ठाऊक असतो.

प्रत्ययांचे कोष्टक

यंत्राला शब्द ओळखता यावा म्हणून त्याचे रूप सोडवावे लागते. ‘घरासमोरच्यांनाही’ हा मराठीत एक शब्द आहे. त्यात ‘घर’चे सामान्यरूप, ‘समोर’ हे शब्दयोगी अव्यय, ‘चा’चे सामान्यरूप, ‘ना’ हा विभक्तिप्रत्यय आणि ‘ही’ असे पाच थर आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त जी चर्चा आहे, तीच येथे नियम आणि कोष्टके यांच्या रूपाने यंत्राला द्यावी लागते.

धारच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. तेथील भोजशाळा परिसरातील स्तंभांवर परमारकालीन सर्पबंध कोरलेले आहेत. एका बंधात संस्कृत वर्णमाला आणि नामे व धातू यांचे मुख्य प्रत्यय, दुसऱ्यात क्रियापदांच्या काळ-अर्थांचे प्रत्यय, सर्पाच्या वेटोळ्यांतून साधलेल्या चौकटींत मांडलेले आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. व्याकरण आटोपशीर कोष्टकात बसवता येते आणि पाहणाऱ्याला त्यातून रूपे तयार करता येतात, हा विचार ह्या गावात दगडावर लिहिलेला आहे. संगणकाचा त्याच्याशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण वर्गात हा विषय शिकवताना याहून चांगला आरंभ मला सापडलेला नाही.

मोडीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धारचे पवार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार यांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या मराठीत, मोडी लिपीत चालला. देवासात तर एकाच गावात दोन दरबार होते, म्हणजे दफ्तरेही दोन. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. सरकारी कागद यथावकाश अभिलेखागारांत गेले. घरोघरचे हिशेब, खरेदीखते, खासगी पत्रे मात्र पेट्यांत राहिली. ती वाचणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.

२०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. यामुळे मोडी अक्षर संगणकावर लिहिता येते; पण जुना कागद वाचता येत नाही. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, आणि लेखकागणिक वळण बदलते. यंत्राला हे शिकवायचे तर कागदाचे चित्र आणि त्याचे अचूक देवनागरी लिप्यंतर, अशा हजारो जोड्या लागतात. २०२५ साली रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह असा एक संच प्रसिद्ध केला. त्यात शिवकाल, पेशवेकाल आणि आंग्लकाल ह्या तीन कालखंडांतील २,०४३ चित्रे आहेत. आरंभ उत्तम आहे. मात्र जी वळणे यंत्राने पाहिली, तीच ते चांगली वाचणार. माळव्यातील कारकुनांचे हात, येथील परगण्यांची व गावांची नावे, मराठी वाक्यात मिसळलेले माळवी शब्द त्याच्यापुढे ठेवायचे असतील, तर ते येथूनच द्यावे लागतील.

वाचन म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ‘सलास सबैन मया व अलफ’ ही अक्षरे यंत्राने बिनचूक लावली, तरी तो सुहूर सन ११७३ आहे हे त्याला आपोआप कळत नाही. सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३ येतो. हे ज्ञान आज मूठभर वाचकांपाशी आहे आणि ते वाचक वयस्क आहेत. संगणकशास्त्राचा निधी दहा वर्षांनीही मिळेल. हे वाचक तोवर थांबणार नाहीत.

काय करता येईल

धारची महाविद्यालये इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, देवासची उज्जैनच्या सम्राट विक्रमादित्य (पूर्वीच्या विक्रम) विद्यापीठाशी. इंदूरजवळ सिमरोल येथे आयआयटी आहे. म्हणजे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरात दोन विद्यापीठे आणि एक आयआयटी आहे. पुढील काम ह्या तिघांच्या आवाक्यातले आहे.

पहिली पायरी नोंदीची. घरमालकाची लेखी संमती घेऊन कागदाचे चित्र घ्यावे. मूळ कागद घरातच राहू द्यावा. प्रत्येक चित्राबरोबर गाव, अंदाजे काळ, कागदाचा प्रकार आणि मालकाने घातलेल्या अटी नोंदवाव्यात. दुसरी पायरी वाचनाची. प्रत्येक कागद दोन वाचकांनी एकमेकांशी न बोलता लावावा. समजा, शंभर अक्षरांपैकी नव्वद जुळली, तर उरलेली दहा तिसऱ्या जाणकाराकडे जावीत. कोणती अक्षरे वारंवार जुळत नाहीत याची यादी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी असते, कारण यंत्रही तेथेच अडणार असते. तिसरी पायरी प्रशिक्षणाची आणि परीक्षेची. काही कागद यंत्रापासून लपवून ठेवावेत आणि शेवटी त्यांवरच त्याला तपासावे. शिकवलेल्याच धड्यावर परीक्षा घेतली तर गुण फुगतात, हे आपण शिक्षक जाणतोच.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात प्रकल्पकार्याला जागा मिळाली आहे. मराठीच्या एका विद्यार्थ्याने आणि संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने मिळून पन्नास कागद हाताळणे, हा दोघांनाही शोभेल असा प्रकल्प आहे. २०२२ पासून चालू असलेल्या केंद्राच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ म्हणून आवाज, वाक्य किंवा भाषांतर कुणालाही देता येते. ज्यांना मोडी येत नाही, त्यांनी निदान माळव्यातली मराठी बोलून तेथे नोंदवावी.

एक अट मात्र आधीच ठरवून घ्यावी. अशा कामांत भाषेच्या माणसाला पुष्कळदा केवळ मजकूर भरणारा समजले जाते. शोधनिबंधावर त्याचे नाव येत नाही आणि तयार झालेला संच त्याच्याच महाविद्यालयाला वापरायला मिळत नाही. सहकार्याच्या करारात लिप्यंतर करणाऱ्याचे नाव सहसंशोधक म्हणून असावे आणि संच सर्व सहभागी संस्थांना खुला असावा. हे लिहून घेतल्याशिवाय पेटी उघडू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मराठीचा एक भाग नर्मदेच्या उत्तरेला, पवारांच्या दफ्तरांत आणि आपल्या घरांतल्या पेट्यांत लिहिला गेला आहे. तो यंत्राच्या मराठीत असेल की नाही, हे येत्या काही वर्षांत ठरेल. ते ठरवताना आपल्याकडच्या मोडी वाचकांपैकी एकाच्या शेजारी आपला एक विद्यार्थी बसलेला असावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे.