दर्या आणि दऱ्या

चि. ओंकार,


काल रात्री ताईचा फोन आला. तुर्कस्तानातल्या ग्राहकाला लॉगिन होईना, आणि तू त्यांना सरळ कळवलंस म्हणे, "तुमच्याच मशीनमध्ये घोळ आहे." मला झोप लागली नाही रे.

घोळ तुझ्या ओळीत आहे. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न धरता नावं ताडायची, म्हणून तू दोन्हीकडे सगळं लहान अक्षरांत करणारं टूलोअरकेस लावलंस. जावात ते नुसतं लिहिलं की मशीनवर जी भाषा लावलेली असेल तिच्या नियमाने चालतं. तुर्कीत आय दोन आहेत, टिंबाचा आणि बिनटिंबाचा. मोठ्या बिनटिंबाच्या आयचं लहान रूपही तिथे बिनटिंबाचंच होतं. मग मोठ्या अक्षरांत टाइप केलेलं 'ॲडमिन' तुझ्या डेटाबेसमधल्या 'ॲडमिन'शी जुळणार कसं? त्याला कुठल्याच भाषेला न बांधलेलं लोकेल रूट दे, की मिटलं. (पासवर्डला मात्र यातलं काहीही लावू नकोस.)

दर्या आणि दऱ्या कुणी एकच धरले तर तुला चालेल? तुर्की लोकांनाही ते दोन आय तितकेच वेगळे आहेत. आणि तू म्हणतोस, मशीन खराब!

तुझ्या वयात मला आस्कीचा तक्ता पाठ होता. मोठा ए 65, लहान 97, मध्ये 32 चा फरक. तेवढ्यात सगळं आलं असं वाटायचं. एका गोदामाच्या यादीत मी असाच फरक काढून टाकला. तिथे लहान बी आणि मोठा बी हे दोन वेगळे सुटे भाग होते. साठा एकत्र झाला. मी म्हटलं, डेटा एंट्रीच्या बाईंनी चुकीचं टाइप केलंय. त्यांना सगळ्यांदेखत बोलणी बसली. त्या मान खाली घालून कीबोर्ड पुसत राहिल्या. संध्याकाळी माझी चूक मला सापडली, मी ती गुपचूप दुरुस्त केली. बाईंना काही बोलले नाही. महिन्याभरात त्या काम सोडून गेल्या.

म्हणून तुझं ते वाक्य टोचतंय. चुका सगळ्यांच्याच होतात, पण आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालू नकोस, बाळा.

फार बोलले का? दोन वाजेपर्यंत लॉग चाळत बसला होतास, हेही ताईनेच सांगितलं. आजोबांचं घड्याळ उघडलंस तेव्हा सगळे स्क्रू मुठीत धरून, रडत रडत तूच सांगायला आला होतास, "मी बिघडवलं." आजोबांनी तुला तसंच कडेवर घेतलं होतं.

त्या ग्राहकाला आज तसंच दोन ओळींत कळव. मग गरम काहीतरी खा आणि झोप.

तुझी,
मावशी