शाळा सुटल्यानंतरची शाळा

एखादा मुलगा शाळेच्या सामन्यांत शतक काढतो आणि लगेच घरचे व दारचे त्याला मोठा खेळाडू म्हणूं लागतात. परंतु शाळेंतील कीर्ति आणि खेळावर पोट भरणें यांच्यामध्यें केवढें अंतर असतें, हें त्या मुलास सहसा कोणी सांगत नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत या अंतराच्या पायऱ्या अगदीं स्पष्ट आखून ठेवलेल्या आहेत. त्या पायऱ्या चढलेल्या, एकदां घसरलेल्या व पुन्हां चढलेल्या एका मुलाची हकीकत येथें देत आहे. त्याचें नांव मिकी मॅण्टल.

प्रथम खेळाविषयीं थोडेंसें. बेसबॉलमध्यें नऊ नऊ खेळाडूंचे दोन संघ असतात. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजानें चेंडू टोलवावयाचा आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवरील ठाणीं ओलांडीत मूळ जागीं परत यावयाचें, म्हणजे एक धाव होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर त्यास होम रन म्हणतात. या खेळांत दहांपैकीं तीन पाळ्यांत ज्याला यशस्वी टोला मारतां येतो, तो उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे उत्तम खेळाडूनेंहि दहांपैकीं सात वेळां मान खालीं घालून परतावयाचें, आणि तरीहि खचावयाचें नाहीं. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मिकीचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ रोजीं ओक्लाहोमा राज्यांत झाला. त्याचे वडील मट मॅण्टल हे शिसें व जस्त यांच्या खाणींत काम करीत. त्यांना बेसबॉलचें अतोनात वेड होतें. मिकी कॉक्रेन या त्या काळच्या नामांकित खेळाडूवरूनच त्यांनीं मुलाचें नांव ठेविलें. चेंडू टाकणाऱ्याच्या उलट हातानें खेळणें फलंदाजास सोपें जातें, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून खाणींतून दमून आल्यावर ते स्वतः मुलाला उजव्या हातानें चेंडू टाकीत, आजोबा डाव्या हातानें टाकीत, आणि मुलाला दोन्ही बाजूंनीं फलंदाजी करावयास लावीत. मुलाच्या पुढच्या यशाचा पाया या अंगणांतल्या अभ्यासानें घातला गेला.

१९४६ सालीं शाळेंत फुटबॉल खेळतांना मिकीच्या डाव्या नडगीवर लाथ बसली आणि हाडास दाह होऊन पाय गमावण्याची वेळ आली. पेनिसिलिन हें औषध तेव्हां नवीनच प्रचारांत आलें होतें. त्यामुळें पाय वाचला. परंतु ती व्याधि जन्मभर त्याच्या मागें राहिली.

१९४९ सालीं कॉमर्स या गांवच्या हायस्कुलांतून मिकी उत्तीर्ण झाला. शाळा पुरी होईपर्यंत मुलाशीं करार करूं नये असा नियम होता. न्यूयॉर्क यँकीज या संघासाठीं होतकरू मुलें हेरणारे टॉम ग्रीनवेड हे तेवढ्यासाठींच थांबले होते. शाळा पुरी होतांच त्यांनीं बोलणीं केलीं आणि दरमहा १४० डॉलर वेतनावर सतरा वर्षांचा मिकी धंदेवाईक खेळाडू झाला.

परंतु तो न्यूयॉर्कला गेला नाहीं. मोठ्या संघांच्या हाताखालीं लहान गांवांचे संघ असतात. त्यांच्या स्पर्धांना मायनर लीग म्हणतात. शाळेंत जसे वर्ग, तसे तेथें त्या काळीं खालून वर डी, सी, बी, ए, दुहेरी ए व तिहेरी ए असे वर्ग होते. मिकीला अगदीं खालच्या डी वर्गांत, कॅन्सस राज्यांतील इंडिपेंडन्स या गांवच्या संघांत घातलें. तेथें ८९ सामन्यांत त्यानें हजारीं ३१३ या प्रमाणानें यशस्वी टोले मारले. पण क्षेत्ररक्षण करतांना ४७ चुका केल्या. पुढच्या वर्षीं सी वर्गांतील जॉप्लिनच्या संघांत त्याचें प्रमाण हजारीं ३८३ झालें, २६ होम रन झाले, आणि चुका झाल्या ५५. खालच्या वर्गाचा उपयोग तो हाच. हजारों लोकांसमोर अब्रू जाण्यापूर्वीं आपलें काय पक्कें आहे व काय कच्चें आहे, हें तेथें कळून येतें. मिकीची बॅट तयार होती. पण शॉर्टस्टॉपच्या जागीं त्याचा हात स्थिर नव्हता. तेव्हां चालकांनीं त्याची जागा बदलून त्याला सीमेजवळ उभें केलें.

१९५१ सालीं मधले चार वर्ग गाळून त्याला एकदम न्यूयॉर्कच्या संघांत घेतलें. वय एकोणीस. वर्तमानपत्रांनीं आधींच त्याची थोरामोठ्यांशीं तुलना चालविली होती. परंतु उन्हाळ्यांत त्याचे टोले चुकूं लागले आणि जुलैमध्यें त्याला तिहेरी ए वर्गांत, कॅन्सस सिटीच्या संघांत, खालीं पाठविण्यांत आलें.

तेथेंहि प्रथम त्याला यश येईना. मॅण्टल स्वतः पुढें सांगत असे कीं, त्यानें वडिलांना फोन करून आपल्याला हा खेळ जमत नाहीं असें कळविलें. वडील मोटारीनें आले. ते आपलें सांत्वन करतील अशी मुलाची अपेक्षा होती. परंतु वडिलांनीं खोलींत शिरतांच त्याचे कपडे पेटींत भरावयास सुरुवात केली. खेळ जमत नसेल तर घरीं चल, आणि माझ्याबरोबर खाणींत काम कर, असें त्यांनीं सांगितलें. मुलगा रडला आणि आणखी एक संधि मागूं लागला. वडिलांनीं ती दिली. कॅन्सस सिटीच्या एकंदर ४० सामन्यांत त्याचें प्रमाण हजारीं ३६१ झालें, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीं तो न्यूयॉर्कला परतला.

पालकांनीं या प्रसंगाचा नीट विचार करावा. मट मॅण्टल यांनीं मुलाला धमकी दिली असें वरवर दिसेल. वस्तुतः त्यांनीं दोन वाटा त्याच्यासमोर उघड्या मांडल्या, आणि त्यांपैकीं एक वाट स्वतःच्या कष्टानें ते ओळखून होते. खाणीचें काम त्यांना हलकें वाटत नव्हतें. त्याच कामावर त्यांनीं कुटुंब पोसलें होतें. निवड मात्र मुलाचीच राहिली. त्याच ऑक्टोबरांत अंतिम स्पर्धेंत मिकीचा गुडघा दुखावला. रुग्णालयाशीं पोहोंचल्यावर त्यानें वडिलांच्या खांद्यावर भार टाकला, तों वडीलच कोसळले. त्यांना असाध्य रोग जडला होता. मे १९५२ मध्यें, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षीं, ते वारले.

१९४९ नंतर ही व्यवस्था पुष्कळ बदलली आहे. १९६५ पासून मोठे संघ दरवर्षीं पाळीपाळीनें नवे खेळाडू निवडतात. निवड झालेल्या हायस्कूलच्या मुलास करार करतां येतो किंवा कॉलेजांत जातां येतें. मात्र चार वर्षांच्या कॉलेजांत गेल्यास सामान्यतः तिसरें वर्ष संपेपर्यंत अगर वयाचीं २१ वर्षें भरेपर्यंत थांबावें लागतें. २०२१ सालीं खालच्या संघांची पुनर्रचना होऊन चार वर्ग व १२० संघ ठरले. या खेळाडूंचें वेतन अनेक वर्षें फार तुटपुंजें होतें. २०२३ च्या करारानें तिहेरी ए वर्गांतील किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर झालें. तरीहि खालून निघालेल्या बहुतेकांना मोठा संघ लाभत नाहीं. म्हणून शहाणे पालक सही करण्यापूर्वींच, मुलगा पुढें कॉलेजांत गेल्यास संघानें खर्च द्यावा, असें कलम करारांत घालून घेतात.

मिकी अठरा वर्षें न्यूयॉर्कसाठीं खेळला. ५३६ होम रन त्याच्या नांवावर आहेत, आणि १९७४ सालीं त्याची गणना बेसबॉलच्या अमर खेळाडूंत झाली. परंतु विद्यार्थ्यांपासून पुढील गोष्ट लपविणें योग्य होणार नाहीं. या माणसास दारूचें व्यसन लागलें व तें चाळीस वर्षें सुटलें नाहीं. १९९४ सालीं त्यानें उपचार घेतले. तोंपर्यंत यकृत निकामी झालें होतें. जुलै १९९५ मध्यें, मृत्यूपूर्वीं महिनाभर, त्यानें वार्ताहरांसमोर उभें राहून मुलांना सांगितलें कीं, माझ्यासारखे होऊं नका. चेंडू कसा टोलवावा हें त्याला वडिलांनीं व खालच्या वर्गांनीं शिकविलें. सामना संपल्यावरची संध्याकाळ कशी घालवावी, हा धडा तो फार उशिरां शिकला.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणास खेळांत, परीक्षेंत अगर नोकरींत वरच्या पायरीवरून खालीं पाठविलें, तर कॅन्सस सिटीची ती खोली आठवा. पेटी भरावयाची कीं पुन्हां मैदानावर जावयाचें, हें स्वतः ठरवा. आणि ठरविल्यावर जें काम पत्कराल, तें मन लावून करा.