वापरा, मग मोल द्या

१९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन व जिम क्नॉफ यांनी आपापले प्रोग्रॅम एका साध्या अटीवर लोकांच्या हाती दिले: प्रत काढा, वापरून पाहा, उपयोगी वाटल्यास पैसे पाठवा. पुढे या पद्धतीस 'शेअरवेअर' हे नाव रूढ झाले.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीवाटे देशोदेशी पसरला आणि हातोहात फिरणारी प्रत्येक प्रत संशयास्पद ठरली. सीलबंद वेष्टनातले तेवढे शुद्ध, अशी समजूत पसरली. ('शुद्ध' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे.) इतिहासाचे विद्यार्थी म्हणून ही समजूत तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते. 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडून बसे. फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला की तो मेमरीत शिरे. फ्लॉपीवरील प्रोग्रॅम फुकटचा की विकतचा, याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते. १९८८ साली तर अल्डस कंपनीच्या 'फ्रीहँड' या विकतच्या सॉफ्टवेअरच्या सीलबंद फ्लॉप्यांतच व्हायरस निघाला. उलट जॉन मॅकॅफी यांचा व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम संगणकांपर्यंत पोहोचला तो शेअरवेअर म्हणूनच.