आधी तिथी बघ, मग खोली

मनोरीला जायचं नक्की केलंस ना, मग हॉटेलला फोन लावायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरव. खोली काय, कुठेही मिळेल. समुद्र मात्र आपल्या सोयीने मिळत नाही. निम्मी माणसं भर दुपारी, भर भरतीत किनाऱ्यावर पोचतात, वाळूची चिंचोळी पट्टी बघतात आणि ‘एवढंच होय!’ म्हणून परततात. खर्च व्हायचा तो झालेलाच असतो.

जुन्या कोळ्यांचा हिशेब आहे, तो लक्षात ठेव. तिथीची पाऊणकी करायची. शुद्ध असो की वद्य, जी तिथी असेल तिला पाऊणने गुण, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यात अर्धा-पाऊण तास मागेपुढे धर. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणखी सहा तासांनी पुन्हा भरती. हे गणित तू करू नकोस, लेकाला करायला सांग. नववीतल्या पोराला आईने सांगितलेलं काही पटत नाही, पण स्वतः काढलेलं उत्तर मोबाइलमधल्या भरतीच्या तक्त्याशी जुळलं की स्वारी खूश होते. नाही जुळलं तर कोळी बरोबर की मोबाइल, यावर वाद घालेल. घालू दे. तेवढं तरी बोलेल.

आता यातली मेख सांगते. पौर्णिमा किंवा अमावास्या, फार तर प्रतिपदा, आणि तीही मधल्या वारी येईल असा दिवस धर. त्या दिवशी दुपारी बाराच्या आसपास भरती असते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. म्हणजे उन्हं उतरली की वाळू लांबवर मोकळी. दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा ओहोटी, आणि परतायच्या वेळी खाडी भरलेली. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच मागे हटतं, त्यामुळे एरवी बुडालेले खडकही उघडे पडतात. मुंबईच्या अशाच खडकांमधून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाली मंडळी लोकांना हिंडवून समुद्रातले जीव दाखवतात. तुम्ही दोघं मनोरीला आपले आपण हिंडा. दगडांतल्या डबक्यापाशी नुसतं उकिडवं बसायचं आणि सावली न पाडता दोन मिनिटं थांबायचं. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण त्यात खेकडा राहायला आलेला असतो. दगड उलटून बघायची खोड पोरांना असते. उलटलाच तर होता तसा परत ठेवायला लाव. आणि ओहोटी संपून पाणी फिरलं की खडकांवरून लगेच परत या. पाणी समोरून येतं असं वाटतं, पण ते आधी मागचा सखल भाग भरतं.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातला नाताळचा आणि ३१ डिसेंबरचा आठवडा सोड. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी ख्रिस्ती लोकांचं गाव आहे, सणाला त्यांची घरं पाहुण्यांनी भरतात आणि बाहेरच्यांसाठी भाव चढतात. शनिवार-रविवारचंही तेच. शाळेचा एक दिवस बुडाला तर बुडू दे, चाचणी परीक्षा तेवढी बघून घे.

जायचं कसं? मुलुंडहून निघून दादरला गाडी बदल आणि मालाडला उतर. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी गाठून पुढे लोकलही पकडता येते, पण स्वस्तात दादरच. मालाड पश्चिमेला मार्व्याची बस मिळते. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं १० रुपये झालंय, एसी बसचं १२. तरी रिक्षाच्या मानाने ते काहीच नाही. मार्व्याच्या जेट्टीवरून तर सुटते. माणसं, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, सगळं एकाच बोटीत. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण पोराला बाजूला नाही, पुढे उभं राहू दे. सुट्टे पैसे जवळ ठेव. आणि ओहोटीच्या वेळी बोटीत चढायची पाळी आली तर खालच्या पायऱ्यांवरच्या हिरव्या शेवाळावर पाय टाकू नकोस. चप्पल मागे पट्टा असलेली घाल.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घे: मधल्या वारचा भाव काय, नाश्ता त्यात आहे का, जादा गादीचे किती, आणि दुपारी बाराच्या आधी पोचलो तर सामान ठेवायला जागा द्याल का. ‘मुलगा मोठा आहे, वेगळी गादी लागेल’ हे आधीच सांग, तिथे गेल्यावर घासाघीस करावी लागत नाही. समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे देऊ नकोस. खोलीत आपण झोपायलाच येणार. दोघांची आधार कार्डं आणि थोडी रोख रक्कम बरोबर असू दे. गावात यूपीआय चालतं, पण रेंज गेली की अडायला होतं.

पैशांचं माझं म्हणणं असं, की पाकीट लेकाच्या हातात द्यायचं. समजा दोघांत मिळून पाच हजार ठरवलेस, तर खोलीचे आधी बाजूला काढ. ते अर्ध्यापेक्षा जास्त जात असतील तर दुसरी खोली बघ. उरलेले त्याच्याकडे. जेवण, रिक्षा, तर, चहा, सगळं त्याने द्यायचं आणि लिहून ठेवायचं. आपण मध्ये तोंड घालायचं नाही. पहिल्याच दिवशी सरबतांवर उधळले, तर दुसऱ्या दिवशी चहा-पावावर भागवायचं, आणि आपणही तेच खायचं, कुरकुर न करता. हे जमत नसेल तर पाकीट देऊच नकोस. दर अर्ध्या तासाला परत मागण्यापेक्षा ते बरं.

मासळी मागवताना मात्र त्याला एक गोष्ट शिकव. मेनूवर भावाच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’ असं लिहिलेलं असलं की आधी आकडा विचारायचा, मग ताट मागवायचं. पापलेट, सुरमईच्या वाटेला जाऊ नका. बोंबील, मांदेली मागवा, खिशालाही परवडतात. ईस्ट इंडियन घरगुती जेवण मिळत असेल तर ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. त्यांच्या बॉटल मसाल्याचं कालवण आणि सोबत तळलेले फुगे, हे आपल्या मालवणी चवीहून निराळं पडतं. उन्हाळ्यात भाजून-कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात म्हणून तो बॉटल मसाला. पोराला इतिहासात रस असला तर सांग, ही माणसं बाहेरून आलेली नाहीत, इथलीच, मराठीच बोलणारी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. मनोरीच्याच बेटावरचा, उत्तनकडचा धारावीचा किल्ला १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतला. एवढं पुरे. जास्त सांगितलंस तर तो कानात हेडफोन घालेल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

पाण्याबद्दल मात्र कडक राहा. मनोरीचं पाणी निळं नाही, गढूळ आहे, खालचा उतार दिसत नाही, आणि आपण निवडलाय तो उधाणाचा दिवस, म्हणजे ओढ जास्त. गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही. खाडीच्या तोंडाशी तर पायही घालायचा नाही. जुलै २०२३ मध्ये मार्व्याला याच वयाची पाच पोरं पाण्यात ओढली गेली, दोघांना वाचवता आलं, तिघं गेली. हे त्याला घाबरवायला नाही, पण स्पष्ट सांग, आणि किनाऱ्यावर नाही, घरून निघायच्या आधी सांग. तिथे सांगितलं की उपदेश वाटतो. वाळूत निळा फुगा पडलेला दिसला तर हात लावायचा नाही. तो ब्लू बॉटल, मेलेला असला तरी डसतो. डसलाच तर चोळायचं नाही, चिकटलेले धागे जपून काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा. दम लागायला लागला तर थेट डॉक्टर.

राहिलं बोलण्याचं. टक्के, क्लास आणि शेजारचा अमुक, हे तिन्ही विषय मालाड स्टेशनातच सोडून जा. संध्याकाळी दोन तास वाळूवर चालायचं, शेजारी शेजारी. समोरासमोर बसलं की या वयातली पोरं गप्प होतात, चालताना बोलतात. तू विचारू नकोस, तुझ्या नोकरीतलं काहीतरी सांग, ज्यावर तुला खरंच उत्तर सापडत नाहीये असं. आणि एक तास त्याला एकटं सोड. खोलीत फोन घेऊन लोळेल, लोळू दे. तू चहा घे.

सकाळी गावातून चक्कर मारा. बांबूंवर बोंबील सुकत घातलेले असतात; जवळ जाऊन बघ, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर टांगतात, दोरा नाही, काही नाही. दातांनीच दात धरलेले असतात. पोरगा फोटो काढेल, पण आधी कोळणीला विचारायला लाव. घ्यायचेच असतील तर परत निघताना घ्या, आणि वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग परत पिशवीत बांधा, नाहीतर लोकलमध्ये अख्खा डबा तुमच्याकडे बघेल. गावात मोबाई भवन म्हणून ईस्ट इंडियनांचं छोटं संग्रहालय आहे. तिथे जायच्या आधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

परत मात्र त्याच वाटेने येऊ नका. मनोरीहून रिक्षाने गोराईला जा. तिथला पॅगोडा बघा, प्रवेशाला पैसे नाहीत. ८ फेब्रुवारी २००९ ला त्याचं उद्घाटन झालं. आतल्या घुमटाखाली एकही खांब नाही, आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसतील एवढा. तिथून गोराई खाडी बोटीने ओलांडायची आणि बसने बोरिवली. वेळ असला तर माझ्याकडे उतरा, मी जेवायला ठेवते. पाकिटात उरलं असेल ते लेकाच्या खिशात राहू दे, घरी जाऊन त्याच्याकडून परत मागू नकोस.