नवतप्यात पातळ ऑइल टिकेल का?

प्रश्न : आमची पेट्रोल कार दोन वर्षांची आहे. कंपनीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ऑइल सांगितलंय. आमचे ओळखीचे मिस्त्री म्हणतात, ‘इतकं पातळ ऑइल थंड मुलखातलं. भंडाऱ्याच्या उन्हात २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन वाचेल.’ कोणाचं ऐकावं? घरी जुनी डिझेल जीपही आहे. दोन्हींत एकच ऑइल चालेल का?
– एक वाचक, लाखनी

उत्तर : कारपुरतं तरी पुस्तिकेचंच ऐका. नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा इंजिनातल्या ऑइलचं पाणी होत असेल असं कोणालाही वाटेल. पण तापलेल्या इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं, बाहेर मे असो की डिसेंबर. कूलंटचं तापमान ९०च्या आसपास धरून ठेवायला थर्मोस्टॅट आणि रेडिएटर असतात. बाहेरच्या उन्हाचा बराचसा भार तेच झेलतात.

आता ग्रेडचे आकडे बघू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतल्या चाचणीचा आहे : ० ग्रेडसाठी ती उणे ३५ अंशांना होते, २० साठी उणे १५ ला. त्या थंडीशी आपला संबंध नाही. आपल्या कामाचा तो नंतरचा आकडा. तो १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. २० ग्रेडचं ऑइल तिथे ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक्स भरतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९, म्हणजे दुपटीच्या आसपास दाट. तुमच्या इंजिनाचे बेअरिंग, ऑइल पंप आणि झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा यातल्या पहिल्या मापासाठी बनलेली आहे. ही यंत्रणा ऑइलच्याच दाबावर, अगदी बारीक वाटांमधून चालते.

याहून महत्त्वाची गोष्ट सकाळी गाडी सुरू करताना घडते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, मे महिन्यातसुद्धा, ऑइल फार तर ३०-३५ अंशांवर असतं. तेवढ्या तापमानाला ०डब्ल्यू-२० सुद्धा गरम इंजिनातल्यापेक्षा पाच-सहा पट दाट असतं, आणि २०डब्ल्यू-५० त्याच्याही तीन-चार पट. भर दुपारी उन्हात उभ्या गाडीतलं ऑइलही इंजिनाच्या हिशेबाने थंडच. ते दाट ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज त्याच वेळी जास्त होते.

तुमचे मिस्त्री चुकीच्या हेतूने सांगत नाहीत. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात हात बसलेल्या माणसाने दाट ऑइलनेच इंजिनं शांत चालताना पाहिली आहेत, आणि त्या गाड्यांना ते ठीकही होतं. पातळ ऑइल मायलेजसाठी आलं ही शंकाही अर्धी खरी आहे. २०१७ पासून आपल्याकडे कंपन्यांना इंधन-वापराची सरासरी मर्यादा लागू आहे. पण इंजिनंही त्या ऑइलसाठीच नव्याने आखली गेली, एवढं ध्यानात घ्या.

गाडी खचाखच भरून, एसी लावून, भर दुपारी नागपूर-रायपूर महामार्गावर तासन्‌तास पळवत असाल तर ऑइल जास्त तापतं हे खरं. त्यासाठीच कित्येक पुस्तिकांत तापमानाचा तक्ता आणि दुसरा पर्याय दिलेला असतो. तुमच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर उन्हाळ्यात ते खुशाल घाला. त्यापलीकडे जाऊ नका.

माझ्या मते आपल्या जिल्ह्यात ग्रेडपेक्षा जास्त घात होतो तो धुळीने आणि छोट्या फेऱ्यांनी. तुमसरकडच्या मॅंगनीज खाणींचे रस्ते असोत की धानकापणीनंतरच्या पांदणी, एअर फिल्टर लवकर चोंदतो. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे आत साचलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. अशा वापराला पुस्तिकेत खडतर वापर म्हणतात आणि ऑइल बदलायची मुदत कमी दिलेली असते. ते पान जरूर वाचा. किलोमीटर पुरे झाले नसले तरी वर्षाला ऑइल आणि फिल्टर बदला. सुटं ऑइल घेऊ नका, सीलबंद डबाच घ्या आणि त्यावर एपीआय एसपी किंवा पुस्तिकेतला दर्जा आहे का बघा.

महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवा. दाट ऑइल ओतून तो विझला तरी दोष आत तसाच राहतो.

जीपला मात्र वेगळा डबा ठेवा. जुन्या डिझेल इंजिनाला काजळी सांभाळणारं ऑइल लागतं, आणि अशा बऱ्याच इंजिनांना १५डब्ल्यू-४० चालतं. तिच्या पुस्तिकेवरून एकदा खात्री करून घ्या. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं पडतं, त्याची काळजी नको. पुढे कधी बीएस-६ डिझेल गाडी घेतलीत तर हा डबा तिला वापरू नका. धुराच्या फिल्टरमुळे तिला कमी राखेचंच ऑइल लागतं.